लागलेल्याची साक्ष : जपानी एअरसॉफ्टच्या नियमांचा इतिहास

खेळण्यातल्या बंदुकांवर लिहिणारे बहुधा बंदुकीकडेच पाहतात. मला मात्र अधिक बोलकी वाटली ती मैदानांवरची नियमपत्रके. एअरसॉफ्ट हा जपानात जन्मलेला खेळ. दोन गट झाडीत किंवा उभारलेल्या आडोशांत उतरतात, हुबेहूब लष्करी दिसणाऱ्या बंदुकांतून सहा मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या झाडतात आणि ज्याला गोळी लागेल तो बाद होतो. गोळीचे वजन बहुधा ०.२ ग्रॅमच्या आसपास. ती अंगावर आपटून खाली पडते आणि कपड्यावर कसलीही खूण ठेवत नाही. मग कोण बाद झाला हे ठरवायचे कोणी? सामूहिक खेळाचे बरेचसे नियम या एका अडचणीभोवती वाढलेले दिसतात.

हा खेळ बंदुका नसलेल्या देशात जन्मावा यात विसंगती काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नागरिकांकडची शस्त्रे काढून घेतली गेली आणि १९५८च्या कायद्याने बंदुका व तलवारी बाळगण्यावर कडक बंधने घातली. खरी वस्तू दुर्मीळ झाली, तसा प्रतिकृतींचा शौक वाढला. तो इतका वाढला की, १९७१मध्ये धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बुजवण्याची आणि ती पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगात रंगवण्याची सक्ती करावी लागली. आपल्याकडे टिकल्यांच्या पिस्तुलावर वाढलेल्या वाचकाला हे थोडे गमतीचे वाटेल. पुढे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हवेच्या किंवा वायूच्या दाबाने प्लास्टिकची गोळी फेकणाऱ्या बंदुका आल्या आणि कपाटात मांडून ठेवायची वस्तू मैदानात उतरली.

त्याच सुमारास अमेरिकेत पेंटबॉलचा जन्म झाला. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशरच्या जंगलात बारा जण रंगाच्या गोळ्या घेऊन उतरले. त्यांची पिस्तुले मुळात झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेली होती. (जिंकला तो एक वनाधिकारी, आणि तोही एकही गोळी न झाडता.) तिथे अंगावरचा रंगच साक्ष देत असे. त्याही आधी, १९०८च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी मेणाच्या गोळ्यांनी द्वंद्वयुद्धाचे प्रात्यक्षिक झाले होते. जाड कोट आणि काच बसवलेले मुखवटे घालून माणसे समोरासमोर उभी राहिली होती. तलवारबाजीने तर १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एपे या प्रकारात विजेचे यंत्रच आणले आणि लागले की नाही हा वाद माणसांच्या हातून काढून घेतला.

एअरसॉफ्टने तसे काही केले नाही. तिथला मूळ नियम जपानीत ‘जिको शिन्कोकु’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे स्वतः होऊन जाहीर करणे. यातला ‘शिन्कोकु’ हाच शब्द करविवरणपत्रालाही वापरतात. गोळी लागली की ‘हिट’ असे मोठ्याने ओरडायचे, हात वर करायचा आणि मैदानाबाहेर चालू लागायचे. जो लागूनही खेळतच राहतो त्याला ‘झोंबी’ म्हणतात, म्हणजे मेल्यावरही चालणारा. आपल्याकडे याला रडीचा डाव म्हणतात. पण रडीचा डाव विटीदांडूत फक्त चिडचिड निर्माण करतो, इथे त्याचा थेट संबंध सुरक्षिततेशी येतो. समोरचा कबूल करीत नाही म्हटल्यावर झाडणारा आणखी चार गोळ्या मारतो, जवळ जाऊन मारतो आणि घरी गेल्यावर बंदुकीची स्प्रिंग बदलून अधिक जोराची बसवतो. कबुली मिळत नाही, म्हणून वेदनेला साक्षीला बोलावण्याचाच हा प्रकार. ताकदीवरच्या मर्यादेचा इतिहास मला याच्याशी जोडूनच वाचावासा वाटतो.

सुरुवातीच्या वायूवर चालणाऱ्या बंदुकांची ताकद हवामानासोबत बदलत असे. उन्हात दाब वाढे, थंडीत पडे. १९९१मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने फामास रायफलची विजेवर चालणारी प्रतिकृती आणली. तिच्यात मोटर आणि गिअर मिळून स्प्रिंग खेचतात, त्यामुळे जोर बराच एकसारखा राहतो. ताकदीला आता एक भरवशाचा आकडा लावता येऊ लागला. उद्योगाच्या संघटनांच्या स्वतःच्या मर्यादा होत्याच, पण बंदुकीत फेरफार करून देणारा धंदाही फोफावला. २००५मध्ये अशा फेरफार केलेल्या बंदुकांनी महामार्गावरच्या मोटारींवर गोळ्या झाडल्याच्या घटना घडल्या. संसदेने १९५८चा कायदा दुरुस्त केला आणि ऑगस्ट २००६पासून दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ज्यूल ही मर्यादा लागू झाली. सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी हा हिशेब ०.९८९ ज्यूल येतो. शंभर ग्रॅमचा पेरू एक मीटरवरून पडला तर साधारण एवढीच ऊर्जा होते. पण इथे ती ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येणाऱ्या एका मण्यात साठलेली असते. म्हणून मैदानावर प्रत्येक बंदूक वेगमापकासमोर तपासतात, आणि शक्यतो मैदानाचीच गोळी घालून. जड गोळीचा वेग कमी दिसतो, ऊर्जा मात्र तेवढीच राहू शकते, ही पळवाट आता सगळ्यांना ठाऊक आहे.

कायद्याचा हा आकडा डोळ्याला वाचवत नाही. खोबणीच्या कडेची हाडे मोठा चेंडू बऱ्याच अंशी अडवतात, पण सहा मिलिमीटरचा मणी त्यांच्यामधून थेट बुबुळावर जातो. कातडीवर नुसता लाल डाग उठवणारी गोळी दृष्टी घेऊ शकते. म्हणून चष्मा नव्हे, तर चेहऱ्याला घट्ट बसणारा, आघात सोसणारा गॉगलच लागतो. दमट उन्हाळ्यात त्यावर बाष्प धरते आणि पुसायला तो क्षणभर काढण्याचा मोह होतो. नियम सांगतो की, आधी हात वर करून बाहेर या, मग पुसा. विश्रांतीच्या जागेचा नियमही असाच अनुभवातून आलेला दिसतो. मॅगझिन काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नाही, कारण एखादी गोळी आत अडकून राहते. मॅगझिन काढायचे, ठरलेल्या जागी एक-दोन फैरी झाडायच्या, खटका बंद करायचा, नळीवर टोपी चढवायची, आणि गॉगल काढायचा तो विश्रांतीच्या जागेत आल्यावरच.

मैदानाबाहेर बंदूक पिशवीत बंद ठेवणे हा नियम बघ्यांसाठी आहे, पण तो खेळाडूलाही वाचवतो. अमेरिकेत १९८८च्या कायद्यानुसार नकली बंदुकीच्या टोकाला ठळक नारिंगी खूण लागते. २०१४मध्ये क्लीव्हलंडमधल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या एअरसॉफ्ट पिस्तुलावर ती उरली नव्हती. पोलिसाने त्याला गोळी घातली. ती खरी होती.

नियमपत्रकातला मला सर्वांत शहाणा वाटणारा नियम मात्र झोंबीविषयीचा आहे, आणि तो झोंबीला उद्देशून नाही. अनेक जपानी मैदानांवर प्रतिस्पर्ध्याकडे बोट दाखवून ‘झोंबी’ असे ओरडायला मनाई असते. जाड जाकिटावर, पाठपिशवीवर किंवा धावण्याच्या भरात गोळी लागल्याचे खरोखरच कळले नसेल, हे त्यात गृहीत धरलेले आहे. संशय आला तर मैदानातल्या पंचाला सांगायचे आणि पुढे खेळायचे. स्वतःविषयी संशय असेल, पानांचा आवाज होता की गोळीचा हे कळले नसेल, तर ‘हिट’ म्हणून बाहेर पडायचे.