तेरवी

तेरवी (स्त्री.) : मृत्यूनंतर तेराव्या दिवशी करण्याचा विधी आणि त्या दिवशीचे जेवण. वाशीमसह विदर्भात ‘तेरवी’ हे स्त्रीलिंगी रूप रूढ आहे. पश्चिम महाराष्ट्रात ‘तेरावा’ म्हणतात. ‘तेरवी करणे’, ‘तेरवीले जाणे’ असे वऱ्हाडी प्रयोग आढळतात.

दहाव्या दिवशी पिंडदान, बाराव्या दिवशी सपिंडीकरण व तेराव्या दिवशी शांती असा सर्वसाधारण क्रम असतो. जातिपरंपरेनुसार दिवस बदलतात. तेरवीला गोडाचे जेवण करून सोयरे-गावकऱ्यांना वाढतात. त्यानंतर सुतक संपून घराचे नित्य व्यवहार पुन्हा सुरू होतात, असे मानतात.

गावजेवणाचा खर्च गरीब घराला कर्जात ढकलतो. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, असे गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनांतून कळकळीने सांगत. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या आणि २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये समाविष्ट असलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वाशीमही होता. तेथे हा उपदेश आजही तितकाच निकडीचा आहे.

लाक्षणिक अर्थ : मागणी दुर्लक्षित राहिल्यास आंदोलक प्रशासनाची किंवा रखडलेल्या कामाची ‘तेरवी’ घालतात, हा निषेधाचा प्रकार आहे.