रंगाचा पाया

मंडळातील आम्ही काही मैत्रिणींनी घरच्या घरी कापड रंगविण्याची विद्या शिकून घेतली. शिकताना तिचा थोडा इतिहासही कळला. तो भगिनींपुढे ठेवीत आहे.

ही कला आपल्याकडे फार जुनी. मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. चार हजार वर्षांपूर्वीचे ते कापड मंजिष्ठेच्या तांबड्या रंगात रंगविलेले होते. सुती कापड असा रंग आपण होऊन धरीत नाही. त्याला आधी हिरडा, तुरटी यांचा पाया द्यावा लागतो. रंगाऱ्याची खरी विद्या या पायात होती.

महाराष्ट्रात भावसार समाजाने हा धंदा पिढ्यान् पिढ्या सांभाळला. पुण्यात १८९२ साली सार्वजनिक गणपती बसविणारे भाऊसाहेब हे मूळचे जावळे. घराण्यात शालू रंगविण्याचा धंदा म्हणून लोक त्यांना रंगारी म्हणू लागले.

मग काळ पालटला. १८५६ साली विलायतेत पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा कोयनेल बनवू पाहत होता. त्याच्या हाती जांभळा रंग लागला. १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठेचा तांबडा रंग रसायनांतून तयार झाला आणि १८९७ पासून तिकडची कृत्रिम नीळ बाजारात आली. पुडीतला रंग स्वस्त आणि सोपा. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. गरिबाच्या लुगड्यालाही त्याने रंग चढविला. परंतु रंगाऱ्यांची भट्टी विझली, आणि त्यांची विद्या हातात व तोंडी असल्याने बरीचशी त्यांच्याबरोबरच गेली.

आपल्या कसाऱ्याच्या रानात फाल्गुनात पळस फुलतो. शिमग्याला त्याच्या फुलांचे पाणी आपण उडवितो, पण ते कपड्यावर टिकत नाही, कारण पाया नसतो. म्हणून आम्ही शिकलो ती रीत येथे लिहून ठेवते. सुती कापड सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढावी. किलोभर कापडास दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून, गाळून, त्यात कापड रात्रभर भिजवावे व न खळबळता वाळवावे. भांडे लोखंडी नसावे, नाही तर कापड काळे पडते. पुढे दीडशे ग्रॅम तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवावे. मग पळसाची फुले उकळून गाळलेल्या पाण्यात मंद आचेवर ठेवावे. पिवळा रंग चढतो. कडक उन्हात तो विटतो, तेव्हा सावलीतच वाळवावे. ऐनाच्या सालीने तपकिरी छटा येते.

कोणत्या झाडाची साल कधी काढावी, झाड न मारता किती काढावी, हे आपल्या ठाकूर व कातकरी भगिनी जाणतात. रंगाऱ्यांचे ज्ञान लिहून घ्यावयाचे राहिले. या भगिनींचे तरी राहू नये. ज्या घरात अशी जाणती आजी असेल, तिच्याजवळ वही घेऊन बसावे, ही सर्व मैत्रिणींना विनंती.