खंड्या कुत्रा ते गेममधला 'पेट' : लढणाऱ्याचे रक्षण करणारा प्राणी

दिल्लीतील हिंदूराव हे नाव तुम्ही बहुधा रुग्णालयामुळे ऐकले असेल. नाव मात्र मराठी आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला. त्यानंतर उत्तर दिल्लीच्या टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला, आणि १८५७ च्या वेढ्यात हाच बंगला इंग्रजांचे मोक्याचे ठाणे ठरला.

आपल्याला इथे थांबायचे आहे ते वेगळ्या कारणासाठी. रुग्णालयाच्या आवारातच चौदाव्या शतकातील एक पडकी वास्तू आहे. लोक तिला पीर गायब म्हणतात. फिरोजशाह तुघलकाने बांधलेल्या 'कुश्क-ए-शिकार' म्हणजे शिकारमहालाचा तो अवशेष मानला जातो. जवळच त्याने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ उभा आहे. शिकारीची हौस असलेल्या सुलतानाने असा स्तंभ आणावा, ही गंमतच आहे, कारण मारू नयेत अशा प्राण्यांची यादी अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात दिली आहे. पण शिकारीच्या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. शिकारी एकटा नसतो, त्याच्या बाजूने उभा राहणारा प्राणीही तिथे असतो. आजच्या ऑनलाइन गेममध्ये दोन खेळाडू एकमेकांशी लढतात तेव्हा एकाचा पाळीव प्राणी, गेमच्या भाषेत 'पेट', त्याच्यावरचा घाव झेलतो. या कल्पनेची मुळे शिकारीत आणि रणांगणात सापडतात. ती पडद्यावर येताना तिच्यातून काय गळाले, ते आता पाहू.

मराठी इतिहासातले या संदर्भातले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे सातारच्या छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा. (रायगडावरील वाघ्याची कथा तुम्हाला आठवेल, पण तिला समकालीन लेखी पुरावा मिळालेला नाही. म्हणून ती इथे घेत नाही.) वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी हकिगत आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवताना एक सावध पुस्ती जोडली आहे : जीव वाचवला, किंवा निदान शाहूंना तसे वाटत होते. महाराजांनी कुत्र्याला रीतसर सनद करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. एकदा एका बढाईखोर सरदाराला भर दरबारात भेट देताना त्यांनी याच कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले, इतकेच नव्हे तर स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीला, या कुत्र्याची समाधी दाखवतात.

ही हकिगत केवळ गमतीची म्हणून वाचू नका. जहागीर, पालखी आणि सनद हे लढवय्याला मिळणारे मान आहेत. कुत्र्याला ते मिळाले, कारण त्याने स्वतःचा जीव पणाला लावला असे धन्याने मानले. रक्षणाची किंमत रक्षकाच्या अंगावर पडते, हे तिथे गृहीत होते.

हत्तीचे रक्षण मात्र दुधारी होते. उंच अंबारीत बसलेला सेनापती तलवारीच्या टप्प्याबाहेर असे, पण तो सगळ्यांच्या नजरेत आणि बाणाच्या टप्प्यातही असे. १५५६ मध्ये पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण लागला तो तो हत्तीवर असतानाच. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी पाहून भाऊही गेले अशा समजुतीने फौजेचा धीर सुटला, असे सांगितले जाते.

आता पडद्याकडे वळू. नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम आला. त्यातला 'हंटर' म्हणजे शिकारी. तो रानातले जनावर माणसाळवून सोबत ठेवतो. सुरुवातीच्या काळात या जनावराला खायला घालावे लागे. ते खूश नसेल तर कमी लढे, आणि फारच दुर्लक्ष झाले तर सोडून जाई. लढाईत ते मरतही असे. याच गेममधला 'वॉरलॉक' आपल्या ताब्यातल्या 'व्हॉइडवॉकर' नावाच्या राक्षसाचा बळी देऊन स्वतःभोवती कवच उभे करी.

हंटरच्या जनावराला पुढे 'रोअर ऑफ सॅक्रिफाइस', म्हणजे बलिदानाची डरकाळी, ही शक्ती मिळाली. सुरुवातीच्या रूपात ती १२ सेकंद टिके. तेवढ्या वेळात रक्षिलेल्या खेळाडूवर नेहमीपेक्षा जबर असा 'क्रिटिकल' घाव बसत नसे, आणि त्याला होणाऱ्या इजेतला २० टक्के भाग जनावरालाही सोसावा लागे. खेळाडूंच्या आपसातल्या लढतीत या शक्तीचे सगळे मर्म वेळेत आहे. प्रतिस्पर्धी आपले मोठे हल्ले एकामागून एक सोडणार, त्याच्या क्षणभर आधी ती वापरायची. घाईने वापरली तर पुन्हा सज्ज होईपर्यंत प्रतिस्पर्धी थांबतो आणि मग तुटून पडतो. उशीर झाला तर वाचवायला कोणी उरत नाही. म्हणूनच जाणता प्रतिस्पर्धी आधी जनावराला गुंगवतो किंवा मारतो. इथपर्यंत खंड्याची गोष्ट अजून ओळखू येते : रक्षक जिवंत आहे, जवळ आहे आणि त्याला इजा होऊ शकते.

२०१७ च्या अखेरीस आलेल्या 'फ्री फायर'मध्ये हे चित्र बदलले. भारतात हा गेम मोबाइलवर अफाट खेळला गेला. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यावर बंदी आली, पण त्याची 'मॅक्स' ही आवृत्ती चालू राहिली. त्यातले पेटही रक्षण करतात. 'पोरिंग' चिलखत आणि हेल्मेट हळूहळू दुरुस्त करतो. 'रोबो' खेळाडूने उभारलेल्या ग्लू भिंतीला जादा ढाल देतो. पण या पेटवर गोळी झाडता येत नाही. तो जखमी होत नाही, रुसत नाही, सोडून जात नाही. खाऊ घातला तर त्याची पातळी वाढते, न घातला तर काहीच बिघडत नाही. प्रतिस्पर्ध्यालाही त्याच्याकडे पाहण्याचे कारण राहत नाही.

माझ्या मते हा बदल केवळ तांत्रिक नाही. ज्याला इजा होऊ शकते त्याची काळजी घ्यावी लागते, आणि ती घेताना खेळाडू त्याच्याशी बांधला जातो. नव्या रचनेत प्राण्याचे रूप उरले, पण त्याच्या वाट्याची जोखीम वजा झाली. वेगवान सामन्यात आजारी कुत्र्याला सांभाळायला कोणाला सवड असणार, हा गेम बनवणाऱ्यांचा युक्तिवादही खोटा म्हणता येणार नाही.

स्वाध्याय : तुम्ही खेळत असलेल्या एखाद्या गेममधला रक्षक पेट निवडा. त्याला इजा होते का, तो मरतो का आणि मेल्यावर खेळाडूचे काय नुकसान होते, ते लिहा. मग शाहू महाराजांच्या दरबारातील कारकून त्या पेटला सनद देताना कोणती कामगिरी नोंदवेल, ते चार ओळींत मांडा.