लाउशाचे काचगोळे

जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ भागातल्या लाउशा गावी फुंकून घडवलेले, नाताळच्या झाडावर टांगायचे पोकळ गोळे. येथील काचभट्टी १५९७ मधली. गोळ्यांचा धंदा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजला. कारागीर काचनळी ज्योतीवर तापवून फुंकतो, फळापाखरांच्या आकारांसाठी साचा वापरतो. आतून चांदीच्या क्षाराचे द्रावण फिरवले की काचेला आरशाची झळाळी चढते. या कामातला हा सर्वांत देखणा क्षण. घरेच कारखाने होती आणि बायकामुलेही कामाला असत. १८८० च्या दशकात वुलवर्थ या अमेरिकी व्यापाऱ्याने हा माल आयात केला. आता प्रवासी गावातूनच एखादा गोळा निवडून, कापसात जपून, आठवण म्हणून घरी नेतात.