वावरं किती, घरं किती?

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे अमरावती-अकोल्याकडे मुंबई पद्धतीची मोजणी आली. वावरांना नंबर मिळाले, धुऱ्यांवर दगड आले. नकाशात वावर सापडू लागले. पण मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरण होते, तेव्हा विचारायचे असते ते वेगळेच : पाण्याच्या पट्ट्यात खातेदार किती? एकाची तीन वावरं असली, तरी माणूस एकच.

खातेदारागणिक एक रंग द्या. शंभर वावरं चाळून चार रंग काढणे ही हमालीच. १९९३ साली रवी जनार्दन आणि मारिओ लोपेझ यांनी रंगीत आकृत्यांच्या शोधाचा हा प्रश्न रीतसर मांडला. (मी कवितेचा माणूस, तरी युक्ती आवडली.) वावरं एका ओळीत धरा. प्रत्येकाने आपल्याच रंगाचे मागचे वावर ध्यानात ठेवायचे. ज्याचे मागचे वावर पट्ट्याबाहेर पडते किंवा नसतेच, तेवढेच मोजायचे. रंग एकदाच येतो. या नोंदी आधीच लावून ठेवल्या की संगणकाला सगळी वावरं चाळावी लागत नाहीत.

रंग मात्र सातबारावरून भरायचा. बाप वारला, फेरफार राहिला, तर तीन भावांची घरं एकाच रंगात जातात.