हात अनेक, वळण एक

अनेकांनी मिळून एक मजकूर लिहायचा, तर त्याचे वळण कोणी ठरवायचे? बदलापूर गावात राहून मी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो, म्हणून हा प्रश्न मला रोजचा. ओळ किती आत सरकवायची, महिरपी कंस कुठे उघडायचा, याने बहुतेक संगणकभाषांत उत्तर बदलत नाही. पण एकाने आपल्या सवयीप्रमाणे सगळ्या ओळी हलवल्या, की त्या गर्दीत खरोखर बदललेला एखादा आकडा तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

मराठीने हा पेच आधीच अनुभवला आहे. मोडी लिहिणारा प्रथम पानभर आडवी रेघ ओढी, शब्द सलग लिही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळत नसे. छापखान्यात बाळबोध स्थिरावली, तरी ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार वादात राहिले. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२मध्ये शासनमान्य झाले, १९७२मध्ये आणखी ४ आले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. पुढे ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवले.

योगायोग असा, की चारच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, गूगलने ‘गो’ ही संगणकभाषा जाहीर केली. तिच्यासोबत ‘गोफम्ट’ हे साधन आले. कोणीही कसेही लिहावे. ते सारे एका वळणात बसवते. आवडीनिवडीला त्यात जागाच नाही, म्हणून वादही नाही. आपले नियम माणसाने पाठ करून पाळायचे. इथे पाळण्याचे काम यंत्राकडे गेले.

तरी एक गोष्ट मला मोडीच्या अभ्यासकांकडून घ्यावीशी वाटते. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन असा कागदाचा काळ ते अक्षराच्या वळणावरून ओळखतात. वळण एक केले, की ही साक्ष पुसते. आज्ञावलीत कोणती ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद ‘गिट’ वेगळी ठेवते. मात्र सगळा मजकूर एकदम नव्या वळणात घातला, की हललेल्या ओळींवर तो घालणाऱ्याचेच नाव चढते. २०१९पासून असा बदल नोंद पाहताना वगळण्याची यादी ‘गिट’ला देता येते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: वळण खुशाल एक करावे, पण तो बदल स्वतंत्र करावा, अर्थाच्या बदलात मिसळू नये, आणि तो या यादीत नोंदवावा. पुढच्या वाचणाऱ्याला सुबक ओळीइतकीच तिच्यामागच्या माणसाची गरज असते. ओळ चुकली, तर विचारायचे त्यालाच असते.