नगरच्या ह्यूमसाहेबांना परदेश कुठला?

मिशनरी म्हटला की तो परदेशचा, असे आपण धरूनच चालतो. पण नगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम जन्मले मुंबईत, १८४७ साली. १८५४ त कुटुंब अमेरिकेस निघाले. सुएझचा कालवा व्हायचा होता. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाई, महिनेच्या महिने लागत. त्या वाटेवर वडील समुद्रावरच वारले. पोर अवघे सात वर्षांचे! तेरावा काय, सोळावा काय, त्याचे वाढदिवस मग अमेरिकेत आले. आता सांगा, त्याला परदेश कुठला?

१८७४ त ते नगरला आले. आगगाडी यायला अजून चार वर्षे होती. १९०० च्या दुष्काळात त्यांनी भुकेल्यांसाठी पुष्कळ धावपळ केली. म्हातारपणी मात्र पुन्हा अमेरिका. १९२९ त तिथेच वारले.